गारठामावशीचा हात

मावशीचा उजवा हात थरथरू लागला, आणि ही गोष्ट तिने सगळ्यात आधी लपवली ती स्वतःपासून. थंडी फार आहे, म्हणाली. हातमोजा सैल झालाय, म्हणाली. मग खुर्चीला दोष दिला. खुर्ची बिचारी काय बोलणार! पण सूक्ष्मदर्शकाखाली सगळंच मोठं होऊन दिसतं, त्यात आपली लबाडीही आली. सुईच्या टोकावरचं ते केसाएवढं वेटोळं स्फटिकाजवळ गेलं की नाचायला लागायचं.

गारठामावशी हे नाव प्रयोगशाळेतल्या पोरापोरींनी ठेवलेलं, आणि चुकीचं नव्हतं. बाईचा सगळा दिवस जायचा शीतखोलीत. घरच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा माणूस आत मावेल एवढा केला तर जे होईल, तसली ती खोली. बाहेर लोक घाम पुसत असले तरी ही लोकरी टोपी, दोन स्वेटर आणि वर गुडघ्यापर्यंत कोट असा सगळा जामानिमा करून आत बसलेली. काम एकच. बाटलीत वाढलेल्या मिठाच्या स्फटिकांतून चांगला एक हेरायचा, थंड तेलाच्या थेंबात ठेवायचा, सुईच्या टोकावरच्या वेटोळ्यात अलगद उचलायचा आणि शेजारच्या क्ष-किरणांच्या यंत्रावर नेऊन बसवायचा. तिथे गार नायट्रोजन वायूची धार सतत सुटलेली असते. एकदा त्या धारेत गेला की स्फटिक वाचला. सांगायला इतकं सोपं. करून बघा एकदा.

कारण हे स्फटिक म्हणजे निम्मं पाणीच. मीठ पाण्यात विरघळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं; पण काही मिठं घट्ट होतानाही पाण्याला सोडत नाहीत, आपल्या घरात जागा देऊन बसवतात. धुण्याच्या सोड्याचे काचेसारखे खडे उघडे राहिले की त्यांची पांढरी भुकटी होते, ती त्यातलं पाणी उडून जातं म्हणून. मावशीचे स्फटिक तर त्या सोड्याहूनही हळवे. गोठवणाऱ्या थंडीतच जगणारे. बोटाची ऊब लागली की आपल्याच पाण्यात वितळून जायचे, नाहीतर बघता बघता डोळ्यात फूल पडावं तसे पांढरे व्हायचे. नुसता श्वास लागला तरी वर बर्फाची बुरशी चढते. म्हणून या धंद्यातलं माणूस सूक्ष्मदर्शकावर वाकलं की श्वास रोखतं. ते कोणी शिकवत नाही, आपोआप होतं. तोंडाला फडकं बांधावं तर वाफ वर चढून भिंगावर बसते आणि समोरचं दिसेनासं होतं. तेव्हा श्वास रोखायचा, काम उरकायचं, मान फिरवायची आणि मग सोडायचा. मावशी एका श्वासात स्फटिक उचलायची. त्यात तिचा हातखंडा होता, आणि तो तिला वडिलांकडून आला होता असं ती स्वतःच सांगायची.

वडिलांचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. हात इतका हलका की वस्तरा गळ्यावर फिरत असताना गिऱ्हाइकं घोरायची. दाढी झाली की ओला तुरटीचा खडा गालावरून फिरवायचा, टॉवेल झटकायचा, पुढचा माणूस. मावशी शाळेतून येऊन दुकानाच्या पायरीवर बसायची आणि त्या खड्यातून आरपार रस्ता बघायची. मग एका वर्षी बाबांचा हात थरथरायला लागला. आधी त्यांनी वस्तरा बदलला. मग दिव्याला नावं ठेवली. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर रक्ताचा ठिपका आला, तो काही बोलला नाही, तुरटी लावून घेतली आणि गेला. पण पुढच्या वेळी फक्त केस कापायला आला, आणि त्याच्या पुढच्या वेळी आलाच नाही. गिऱ्हाइकं अशी एकेक करून गेली. शेवटी बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसून राहायचे, आरशासमोर, उजवा हात मांडीखाली दाबून. पुढे त्यांना शर्टाची गुंडी लावता येईना, घासही भरवावा लागायचा. हा आजार घरात उतरतो का, हे मावशीने कधी कोणाला विचारलं नाही. 'हो' म्हणाले तर काय घ्या?

प्रयोगशाळेत ती आली ती काचसामान धुवायला. तिथे एका कपाटात मुठीएवढा स्वच्छ खडा ठेवलेला बघून ती म्हणाली, ही तर आमच्या दुकानातली तुरटी. प्रयोगशाळेचे प्रमुख सर तेव्हा तरुण होते आणि शिकवायला कोणी सापडलं की सोडायचे नाहीत. त्यांनी तुरटीचा तुकडा लोखंडी पळीत धरून दिव्यावर तापवला. तो खदखदला, फुगला आणि लाहीसारखा पांढराफटक होऊन बसला. सर म्हणाले, यात जवळजवळ निम्मं पाणी होतं, ते गेलं. मग त्यांनी तिला भिंतीवरचं चित्र दाखवलं: मध्ये धातूचा एक गोळा आणि त्याच्या सहा बाजूंना पाण्याचे सहा कण, सरांच्या भाषेत सहा पाणी. वर एक, खाली एक, चार दिशांना चार. मावशी बराच वेळ ते बघत राहिली आणि म्हणाली, म्हणजे बाबांनी जन्मभर गिऱ्हाइकांच्या गालावर पाणीच घासलं म्हणायचं. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. त्यानंतर हळूहळू तिच्या हातात काचेच्या बाटल्यांऐवजी सुया आल्या, आणि काचसामान धुवायला दुसरी बाई आली.

तर अशी ही मावशी, आणि तिच्यापुढे आलं हट्टी मीठ.

मिठाचं नाव लांबलचक होतं, प्रयोगशाळेत सगळे त्याला हट्टीच म्हणायचे. साधंसं मीठ. कुठल्याही शाळेच्या फळीवर त्याची बाटली सापडेल. बाहेरच्या हवेत ते धातूमागे सहा पाणी घेऊन गप बसतं, ते सगळ्यांना माहीत. पण त्याचं दाट पाणी करून भरपूर गारठवलं आणि नशीब असलं तर तळाशी वेगळेच स्फटिक धरायचे, त्यांत पाणी दुप्पट. आता धातूभोवती जागा सहाचीच. मग उरलेलं पाणी बसतं कुठे? त्याला धरून कोण ठेवतं? हे काही कोणाला दिसलेलं नव्हतं. यंत्रावर बसणारा होता एक्स-रेवाला. माणूस लाखातला, पण बोलणं सुतकी. त्याचं म्हणणं, मला एक धड स्फटिक द्या, पाण्याचा पत्ता मी काढतो. तो धड स्फटिक द्यायचा होता मावशीने.

आणि मावशीला तो देता येईना. बाटलीतून काढेपर्यंत स्फटिक काचेसारखा. तेलात ठेवला तरी ठीक. वेटोळं जवळ नेलं की हात नाचायचा, वेटोळं स्फटिकाला ढुश्या द्यायचं, वेळ जायचा, आणि तेवढ्यात स्फटिकाची एक कड दुधाळ व्हायची. यंत्रावर जे जाईल त्यातून क्ष-किरणांचे ठिपके पडद्यावर टोकदार उमटायच्या ऐवजी पसरट, जोडजोडीने. एक्स-रेवाला पडद्याकडे बघून नुसता "हं" म्हणायचा. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं. मीठच हट्टी आहे, असं सगळे म्हणत होते आणि तीही म्हणत होती. तिचं मन मात्र एकच घोकत होतं: बाबांनी आधी वस्तरा बदलला होता.

मग तो बर्फाचा दिवस आला. त्या सकाळी मावशीला एक स्फटिक मिळाला, असा की डोळे निवले. स्वच्छ, कडा रेखीव, आणि काय शहाणा! हात थरथरला, वेटोळं दोनदा निसटलं, तरी हा जसाच्या तसा. पांढरा होणं नाही, वितळणं नाही. मावशी हरखली. यंत्रावर बसवताना तिने चक्क एक्स-रेवाल्याकडे बघून भुवई उडवली. त्याने मोजणी सुरू केली, पडद्यावर स्फटिकातल्या एका घराच्या, म्हणजे कणांच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकटीच्या, मापाचे पहिले आकडे आले आणि तो ओठ दाबून छताकडे बघायला लागला. ते आकडे या धंद्यातल्या माणसाला स्वतःच्या फोन नंबरासारखे पाठ असतात. ते साध्या बर्फाचे होते. मावशीने हट्टी मिठाच्या बाटलीतून निव्वळ पाण्याचा बर्फ उचलून आणला होता. पांढरा कसला होतोय? त्याच्यातून जायला दुसरं काही होतंच कुठे!

बातमी कळल्यावर सर हसत हसत आले. म्हणाले, मावशी, अभिनंदन, आम्ही प्रत्येकाने एकदा तरी बर्फ मोजलाय, तुमचाच नंबर राहिला होता. त्यांनी स्वतःचा किस्सा सांगितला, सगळे पोट धरून हसले. मावशीही हसली. पण आत काळजाचं पाणी पाणी झालं होतं. बर्फ दाट पाण्यात वर तरंगतो, मिठाचे स्फटिक तळाला जातात, हे ती झोपेतसुद्धा सांगेल. आणि आज तिने वरचा उचलला होता, का? तर हात हलला तरी टिकणारा हवा होता म्हणून. म्हणजे आता हात डोळ्यांनाही फितवायला लागला. जेवणाच्या सुट्टीत ती सरांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली की महिना संपला की मी काम सोडते. सरांनी कारण विचारलं. घरी नातवंडं आहेत का काहीतरी पुटपुटली. तिला नातवंडं नव्हती आणि हे सरांना माहीत होतं. ते बसा म्हणाले, ती बसली नाही. शेवटी म्हणाले, तुमची जागा भरायची जाहिरात द्यावी लागेल, ती मी जमेल तितकी लांबवतो. त्यांच्या त्या चांगुलपणानेच तिला रडू फुटलं, ते तिने शीतखोलीत जाऊन पुरतं रडून घेतलं. तिथे एक सोय असते. डोळे लाल झाले तरी थंडीवर ढकलता येतं.

घरी तिने हाताचं नावही काढलं नाही. दमले, एवढंच कारण सांगितलं. नवऱ्याने बरं म्हटलं आणि जास्त काही विचारलं नाही. लेक मात्र सरळ बोलणारी. ती सार्वजनिक तलावावर पोरांना पोहायला शिकवते आणि दिवसभर पाण्यावरून ओरडायची सवय असल्याने घरातही पलीकडच्या काठाशी बोलल्यासारखी बोलते. ती म्हणाली, आई, तू जन्म काढलास ती खोली मी एकदाही पाहिली नाही, सोडायच्या आधी मला ती बघायचीय. मावशीला नको होतं. पण पोरीला नाही म्हणणं त्या घरात कोणाला जमलेलं नव्हतं.

लेक आली. सरांनी तिला आपला जादाचा कोट दिला, तो तिला घोट्यापर्यंत आला. शीतखोलीत पाऊल टाकताच तिने दातांवर दात वाजवले आणि इथे तू जिवंत राहिलीस कशी असं विचारलं. एक्स-रेवाल्यालाही हसू आलं. मग मावशी सूक्ष्मदर्शकावर वाकली आणि खोली एकदम गप्प झाली. सर दाराशी, एक्स-रेवाला यंत्रापाशी, लेक आईच्या बाजूला. मावशीच्या मनात एकच: आज पोरीसमोर थरथरू नको रे बाबा. वेटोळं स्फटिकाकडे निघालं. हात स्थिर होता. तेलात स्फटिक जरा सरकला, वेटोळं मागे गेलं, पुन्हा आलं, स्फटिक पुन्हा सरकला. आणि मग ते सुरू झालं. आधी बारीक, मग उघड. वेटोळ्याचा धक्का लागला, स्फटिक थेंबाबाहेर पडला आणि सगळ्यांच्या देखत पांढरा झाला. मावशीने मान फिरवून श्वास सोडला. वर मात्र बघितलं नाही. आता पोरीला कळलं, आता सगळ्यांनाच कळलं, असं वाटून तिचे कान तापले.

पण लेक हाताकडे बघतच नव्हती. पोहायला शिकवणारं माणूस पाण्यातल्या पोराचा हात बघत नाही, मान आणि खांदे बघतं. तिने आईचे खांदे कानापर्यंत चढलेले पाहिले होते, ओठ निळसर झालेले पाहिले होते.

"आई," ती म्हणाली, "तू श्वास कधी घेणार होतीस?"

मावशीने समजावून सांगितलं की श्वास लागला तर स्फटिक मरतो. ते मला कळलं, लेक म्हणाली, पण तू मरायला आली होतीस त्याचं काय? तिने आईला खोलीबाहेर काढलं, बोळात भिंतीशी उभं केलं आणि हात पुढे धरायला लावला. मोकळा श्वास घे म्हणाली. हात खांबासारखा उभा. आता श्वास रोख. मावशीने रोखला. काही वेळ काही नाही, आणि मग बोटांची टोकं हलायला लागली. लेक सरांकडे वळली. सर, तुम्हीपण. एक्स-रेवाल्याला म्हणाली, दादा, तुम्हीपण या, मघाशी तुमचेही गाल फुगले होते, मी पाहिलं. खरंच फुगले होते. त्या खोलीत मावशी वाकली की हे दोघंही श्वास रोखून उभे राहत, जणू मदत केल्यासारखे, आणि इतक्या वर्षांत हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या बोळात मग तीन कोटवाली माणसं हात पुढे करून गाल फुगवून कवायतीला उभी राहिल्यासारखी उभी राहिली. जिना चढून आलेला टपालवाला ते बघून आल्या पावली परत गेला. तिघांचीही बोटं हलली. सरांची एक्स-रेवाल्याच्या आधी, आणि मावशीची दोघांच्याही आधी.

"बघ, माझीच आधी," मावशी म्हणाली. आणि जे ती नवऱ्यालाही बोलली नव्हती ते त्या बोळात सगळ्यांसमोर बोलून गेली. बाबांचा हात असाच सुरू झाला होता. मी त्यांच्यावरच गेलेय.

लेकीने आजोबांना शेवटी पाहिलं तेव्हा ती लहान होती, पण घास भरवायचा चमचा तिला आठवत होता. तिने आईचा हात आपल्या हातात घेतला. मग म्हणाली की वय झालं की दम कमी पडतो, या मिठाला जास्त वेळ लागतो, तू तितकाच श्वास रोखून जास्त वेळ काढतेस. आणि भीती लागली की हात कोणाचाही हलतो, माझ्या वर्गातली पोरं पहिल्या दिवशी काठावर उभी राहून पानांसारखी हलतात. पण डॉक्टरला दाखवायचं म्हणजे दाखवायचं. उद्याच.

डॉक्टरीणबाई बोलायला तुसडी, तपासायला मात्र पक्की. तिने मावशीला चालायला लावलं, बोट अंगठ्यावर टाळीसारखं भराभर आपटायला लावलं, कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढायला लावलं, आणि हात मांडीवर नुसता ठेवून गप्पा मारत बसवलं. गप्पा मारताना ती हाताकडेच बघत होती हे मावशीला नंतर कळलं. वडिलांचा हात असा नुसता पडलेला असताना थरथरायचा का, असं तिने विचारलं. थरथरायचा, मावशी म्हणाली, म्हणून तर ते मांडीखाली दाबायचे. तुमचा नाही थरथरत, डॉक्टरीण म्हणाली. मला तुमच्यात त्या आजाराचं काही दिसत नाही. वर्षाने पुन्हा दाखवा, आणि तोवर बाई, श्वास घ्या.

मावशीचा जीव भांड्यात पडायचा तो काठावरच अडकला. बाबांनाही पहिल्या डॉक्टरने काही नाही असंच सांगितलं होतं. कोणी काही म्हणो, तिला खरं सांगणार होतं ते हट्टी मीठच.

दुसऱ्या दिवशी लेकीने तलावावरची एक नळी आणली. तोंड पाण्यात ठेवून पोहताना श्वास घ्यायला असते ना, ती. पोरांची होती, त्यामुळे भडक नारिंगी, आणि वर मासा काढलेला. सोबत नाकाला लावायचा चिमटा. एक्स-रेवाल्याने तिला रबराची लांब नळी जोडली आणि तिचं तोंड मावशीच्या पाठीमागे, पार खुर्चीच्या खाली नेऊन सोडलं, म्हणजे श्वास जाईल तो जमिनीकडे. मावशी लोकरी टोपी, दोन स्वेटर, कोट आणि तोंडात नारिंगी नळी अशी बसली. एक्स-रेवाला जन्मात पहिल्यांदा मोठ्याने हसला. सर अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले की सुरक्षा समितीला हे काय म्हणून कळवायचं याचा ते विचार करतायत. मग लेकीने सगळ्यांना दम भरला की तुम्ही तिघंही श्वास चालू ठेवा, कोणाचे गाल फुगलेले दिसले तर बाहेर काढीन.

मावशी वाकली. नळीतून तिचा श्वास सूं सूं वाजत होता, आणि सुरुवातीला त्या आवाजाचीच तिला लाज वाटली. तिने बाटलीच्या तळातून स्फटिक काढला. तळातून, हे तिने दोनदा बघितलं. थेंबात ठेवला. वेटोळं जवळ नेलं. आता होईल, आता होईल, असं वाटत राहिलं. स्फटिक सरकला. तिने वाट बघितली, कारण आता वाट बघता येत होती. तो पुन्हा सरकला. ती पुन्हा थांबली. श्वास आत, श्वास बाहेर. कधी नव्हे ते तिने त्या स्फटिकाकडे नीट, सावकाश बघितलं. एका कडेवर प्रकाशाची बारीक रेघ होती. मग तिने वेटोळं त्याच्याखाली सारलं आणि उचललं, आणि तो आला, जसा पूर्वी यायचा तसा. हात हलला नव्हता. तिने तो यंत्रावर बसवला, गार धारेत सोडला, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय आणि चिमट्यामुळे नाकही ओढता येत नाही.

ठिपके सुयांसारखे टोकदार आले. एक्स-रेवाला "हं" म्हणाला नाही, खुर्ची पुढे ओढून बसला. मोजणीला दिवस गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मावशीला बोलावून पडद्यावरचं चित्र दाखवलं. मध्ये धातू. त्याच्या सहा बाजूंना सहा पाणी, बाबांच्या तुरटीत होतं तसंच. आणि त्यापलीकडे उरलेलं पाणी. धातूला त्यातलं एकही शिवत नव्हतं.

"मग यांना कोणी धरलंय?" मावशीने विचारलं.

"आतल्या सहांनी. आणि बाकी एकमेकांनी," एक्स-रेवाला म्हणाला. त्याने बोटाने बारीक तुटक रेघा दाखवल्या, एका पाण्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. एकही पाणी मोकळं नव्हतं. सर मागे येऊन उभे राहिले होते. जाहिरातीचा मजकूर अजून टेबलावर आहे, त्याचं काय करू, असं त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, फाडा. सरांनी फाडला, आणि तुकडे खिशात घालून दोनदा नाक शिंकरून गेले.

संध्याकाळी घरी येताना मावशी एक थांबा आधी उतरली आणि चालत आली. दुकानांच्या काचांत तिला स्वतःची छबी दिसत होती, हात मोकळे सोडून चालणारी. घरात शिरल्या शिरल्या ती नवऱ्याला घेऊन स्वयंपाकघरात बसली आणि त्याला सगळं सांगितलं. हात, बाबा, बर्फ, काम सोडायचं ठरवलं ते, डॉक्टरीण, नारिंगी नळी, सगळं. इतके दिवस लपवलं म्हणून रागावेल असं तिला वाटलं होतं. नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला, यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे मोठ्याने थट्टा करायची खोड. उद्यापासून बाजारातही ती नळी लावूनच जा म्हणाला, भाव कमी करतील. मग उठला आणि कप धुवायला लागला.

एकच कप तो बराच वेळ धूत होता.

"अहो?" मावशी म्हणाली.

"मला माहीत होतं," तो पाठमोराच म्हणाला.

"काय?"

"हात. मागच्या हिवाळ्यापासून मी तुला अर्धाच कप चहा देतोय. भरून दिला की तू श्वास रोखून उचलायचीस, तो बशीत सांडायचा, आणि मग तू त्या बशीकडे बघत बसायचीस. तुझं ते बघणं मला बघवायचं नाही."

"मला वाटलं, तुम्ही कंजूष झालात," ती म्हणाली.

तो हसला, आणि हसता हसता त्याचा बांध फुटला. नळ चालूच होता. तुझ्या बाबांना मी भरवलेलं आहे, तो म्हणाला. मला माहीत होतं काय काय लागणार ते. म्हणून तर निवृत्त झाल्यावर स्वयंपाक शिकलो. तुला वाटलं, हौस. तुझ्या सगळ्या पोलक्यांच्या मागच्या गुंड्या काढून हूक लावून घ्यायचे म्हणून शिंप्याला विचारूनसुद्धा आलो होतो. मावशीने उठून आधी नळ बंद केला. मग त्याच्या ओल्या हातातला कप काढून घेतला आणि त्याच्या पाठीवर कपाळ टेकून उभी राहिली. दोघांना एकमेकांचा श्वास ऐकू येत होता आणि कोणीही तो आवरत नव्हतं.

मग त्याने चहा टाकला. दोन कप घेतले आणि तिचा कप पार काठापर्यंत भरला, इतका की वर फुगवटा आला. तिने तो बशीशिवाय, एका हाताने उचलला आणि उभ्याउभ्याच प्यायली.